बाग ताणावर असताना

एप्रिल अर्धा सरला की हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत घरोघरी एकच धांदल सुरू होते. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, अंगणात पाइप लावून त्यांच्या टाक्या घासल्या जातात, गेल्या सालचा काळा पडलेला वाळा उकिरड्यावर जातो आणि नवा भरला जातो. काल आमच्याकडेही हा सोहळा झाला. नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं, तो ओला, मातकट, किंचित गोड वास घरभर पसरला, आणि मी हातातलं काम टाकून कूलरसमोर फरशीवर बसकण मारली. आई म्हणाली, बसली आता ही, संध्याकाळपर्यंत उठत नाही. खरंच नाही उठले.

नागपूरच्या माणसाचं उन्हाशी नातं सख्ख्या भावासारखं असतं. आपण त्याला वाट्टेल ते बोलावं, पण दुसऱ्यानं बोललेलं खपत नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये कोणी पुण्याहून ‘यंदा फार उकडतंय’ म्हणालं की मी मनात हसते. उकडतं कुठे बाई, अजून डांबर चपलेला चिकटायचं आहे. दुपट्टा तोंडाला गुंडाळून स्कूटीवर निघालं की सिग्नलला उभ्या असलेल्या सगळ्या बाया सारख्याच दिसतात, आणि झाडाच्या सावलीसाठी सिग्नलच्या चार गाड्या आधीच थांबायचं, हा इथला न लिहिलेला कायदा सगळे पाळतात.

पण वाळ्याच्या वासानं मला आता शहरातला उन्हाळा आठवत नाही. मला नरखेड तालुक्यातली एक संत्र्याची बाग आठवते, आणि काही वर्षांपूर्वीचा एक मे महिना. नागपूरचं संत्रं म्हटलं की लोकांना हिवाळा आठवतो, टोपल्या आठवतात, सालीचा डोळ्यात उडालेला फवारा आठवतो. मे महिन्यात ते झाड काय करत असतं, हा प्रश्न जन्मभर नागपूर जिल्ह्यात राहून मलाही कधी पडला नव्हता.

माझं काम काय, हे सांगणं जरा अवघड आहे. आई शेजारणींना सांगते, ‘लोकायले विचारत फिरते, अन् त्याचा पगार भेटते.’ यात खोटं काही नाही. सॉफ्टवेअर बनवणारे बनवतात, वापरणारे वापरतात, आणि वापरणाऱ्याला नेमकं काय हवं आहे ते आधी खोदून काढायला मधे माझ्यासारखी एक चौकशीबाई लागते. त्यातही ‘काय हवं’ हे लोक पटकन सांगतात. ‘कसं हवं’ हे कोणी सांगत नाही. किती लवकर, किती भरवशाचं, कुठल्या उन्हातान्हात चालणारं, बिघडलं तर कसं बिघडणारं, हे सगळं त्या ‘कसं’मध्ये येतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी फळ्यावर ‘नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट’ असं मोठ्या अक्षरात लिहून बराच वेळ समजावलं होतं. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, अरे, हे तर रंग जाण्याचं प्रकरण आहे.

कारण माझे बाबा उमरेडला मागावर बसायचे. लुगडं सांगायला बाई आली की ती काठ कुठला ते सांगायची, पदर केवढा, अंग कुठल्या रंगाचं ते सांगायची. धुतल्यावर रंग जाऊ नये, पहिल्या पाण्यात आटू नये, असं कधी कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. आणि तक्रार घेऊन कोणी दारात आलं, तर ते याच न बोललेल्या गोष्टीवरून. काठावरून भांडण झाल्याचं मला एकदाही आठवत नाही.

आता न बोललेलं बोलतं कसं करायचं? सरळ विचारून तर काही हाती लागत नाही. ॲप किती वेळात उघडलं पाहिजे? लवकर. लवकर म्हणजे? म्हणजे लवकर. आणि नाही उघडलं तर? चालते ना. आमच्या विदर्भात शहरातून आलेल्या पाहुण्याला, त्याच्या हातात कपबशी असताना, ‘नाही चालत’ म्हणायची रीतच नाही. तुम्ही लाख विचारा, तुमचं मन मोडेल असं उत्तर कोणी देणार नाही. सुरुवातीला असे कागदच्या कागद ‘चालते’ घेऊन मी ऑफिसात परतायचे.

मग आम्ही दुसरी पद्धत धरली. तिला बिहेविअर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट असं आगगाडीएवढं नाव आहे, पण गोष्ट साधी आहे. आकडा विचारायचा नाही, प्रसंग विचारायचा. मागच्या वेळी काय झालं होतं ते सांगा. मग तो प्रसंग तीन तुकड्यांत मांडायचा: काय असताना, काय झालं, आणि तेव्हा काय व्हायला पाहिजे. हे वाक्य त्या माणसालाच वाचून दाखवायचं, त्यानं हो म्हटलं की तेच वाक्य संगणकाला द्यायचं. आमचा प्रोग्रामर प्रफुल्ल त्या वाक्यांना अशी जोडणी करून देतो की संगणक रोज ती तपासतो, आणि सॉफ्टवेअर तसं वागलं तर पुढे हिरवी खूण करतो. लोकांच्या तोंडचं वाक्य, हीच त्याची परीक्षा. मराठीत तर हे इतकं सोपं पडतं की काही विचारू नका, आपण भांडतोसुद्धा ‘जेव्हा-तेव्हा’ करूनच.

तर त्या साली काटोलच्या पुढच्या एका गावातल्या संत्रेवाल्यांच्या गटानं आमच्याकडे काम दिलं. विहिरीवरच्या मोटरीला एक पेटी जोडायची, तिच्यात सिमकार्ड, आणि घरबसल्या मोबाईलवरून मोटर चालू-बंद. लाईन, म्हणजे वीज, कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी मोटरसायकल काढून शेतावर पळायचं, हा त्यांचा वैताग. पेटीची पहिली चाचणी ज्या बागेत करायची ठरली, ती शोभाताईंची.

शोभाताईंचं वर्णन करायचं तर त्यांना मोबाईलची गरज नव्हती, असं म्हणावं लागेल. बांधावरून त्यांनी हाक मारली की विहिरीवरच्या माणसाला ती स्वच्छ ऐकू यायची. यजमान एसटीवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. सासऱ्यांनी लावलेली बाग शोभाताई आणि त्यांचे दीर दिलीपभाऊ मिळून बघायचे. बघायचे म्हणजे ताई हुकूम सोडायच्या आणि भाऊ आधी नाही म्हणून मग तेच करायचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटलं, दुसऱ्या भेटीत ‘पोरी’, आणि तिसऱ्या भेटीत मी त्यांच्या चुलीशी बसून भाकर खात होते.

पण त्या घरात एक गोष्ट ठसठसत होती, आणि ती लपवायची कोणाला गरजही वाटत नव्हती. आधीचे दोन बहार वाया गेले होते. एक गारपिटीनं झोडपला, दुसऱ्याला फळगळ लागली. दिलीपभाऊंचं म्हणणं पडलं की आता झाडं काढावी आणि कापूस लावावा. कापूसही दगा देते, ते म्हणायचे, पण एका सालात देऊन मोकळा होते, संत्रा चार सालं सेवा करून घेते अन् मंग देते. त्यांनी जेसीबीवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं, वहिनीला न विचारता. ताईंनी एकच मागणं मागितलं होतं. एक मृग बहार पाहू द्या. आला तर झाडं राहतील, नाही आला तर मी स्वतः जेसीबीपुढे उभी राहून कुठून खणायचं ते दाखवीन. बहार म्हणजे झाडाचं फुलणं, आणि मृगात फुललेलं झाड म्हणजे त्या बागेला मिळालेली अखेरची संधी, एवढं मला शहरातल्या माणसालाही कळत होतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फेब्रुवारी होता. झाडं तजेलदार, काळपट हिरवी, खाली ओली माती, आळ्यातून वाहणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज. असं वाटत होतं की इथं काही वाईट होऊच शकत नाही. आम्ही झाडाखाली सतरंजीवर बसलो आणि मी म्हटलं, ताई, मागं कधी पंचाईत झाली होती ते सांगा. मग काय, बांधच फुटला. त्या काटोलला भाचीच्या लग्नात असताना इकडे लाईन आली, मोटर सुरू करायला कोणी नव्हतं, फोन लागेना, आणि परत येईपर्यंत लाईन गेलेली. हे एकदा नाही, दर वेळचं. कारण गावातला टॉवरही त्याच लाईनवर. लाईन फार वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते, आणि लाईन परत आली तरी रेंज मागाहून, रमतगमत येते. म्हणजे मोटर चालवता येईल तेव्हा फोन मुका.

‘मंग त्या पेटीले सांगून ठेवा,’ ताई म्हणाल्या, ‘लाईन आली का मोटर सुरू झालीच पाहिजे. रेंज असो का नसो. मले विचारत बसू नका.’

गटातले सगळे म्हणाले, बरोबर. मी वाक्य लिहिलं: रेंज नसताना, जेव्हा लाईन येते, तेव्हा मोटर आपोआप सुरू झाली पाहिजे. मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, दिलीपभाऊंनीसुद्धा. प्रफुल्ल तर खुशीत होता, इतकी स्वच्छ गरज त्याला शहरातल्या क्लायंटकडूनही मिळत नाही. पुढच्या आठवड्यात संगणकानं त्या वाक्यापुढे हिरवी खूण केली आणि पेटी विहिरीवरच्या खोलीत बसली.

त्यानंतर आम्ही गेलो ते एकदम मे महिन्यात. या वेळी उन्हाची परीक्षा घ्यायची होती. वातानुकूलित ऑफिसात प्रफुल्लनं मोठ्या आवडीनं फिकट राखाडी अक्षरं निवडली होती, ती बागेत पाऊल टाकताच गायब झाली. पडद्यावर आपलंच घामाघूम तोंड दिसायचं. घामेजल्या बोटाला पडदा दाद देईना. थोड्या वेळानं फोननंच ‘मी तापलो आहे’ अशी पाटी लावून काम बंद केलं. शोभाताईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला, माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माठावर ठेवून दिला, लेकराला ताप आल्यावर डोक्यावर घडी ठेवतात तसा. प्रफुल्लचा जीव टांगणीला लागला. तो फोन नंतर चालू झाला, पण त्याचा आवाज गेला तो गेलाच. ओल्या हातानं न धरण्याच्या सूचना आता ॲपमध्ये पहिल्याच पानावर आहेत, त्या शोभाताईंमुळे. त्या स्वतः मात्र आजही म्हणतात की फोन त्यांनी वाचवला.

हे सगळं चाललं असताना माझं लक्ष झाडांकडे गेलं. फेब्रुवारीतली ती हिरवी झाडं ओळखू येत नव्हती. पानं चिमून गेलेली, कडेनं वळलेली, काही पिवळी होऊन खाली पडलेली. मातीला भेगा. मला वाटलं, आपली पेटी बिघडली. मोटर चालतच नाही आणि या बाईनं पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून आपल्याला सांगितलं नाही. हे ‘चालते’ मला शेवटी महागात पडलं. मी घाबरत विचारलं, ताई, पाणी पोचलं नाही का?

त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, पाणी तोडलं आहे, आम्हीच. बागेले ताण दिला आहे.

मग त्यांनी समजावलं, आणि आजही मला त्याचं नवल वाटतं. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात महिना-दीड महिना झाडाला पाणी द्यायचं नाही. झाड कासावीस होतं, पानं टाकतं, वाढ थांबवतं, सगळा जीव आत ओढून घेतं. मग मृगाचं पाणी पडलं की तो साठवलेला जीव फुलांवाटे बाहेर येतो. पण मधेच कोणी पाणी पाजलं तर झाड समजतं, संकट टळलं. ते नुसती कोवळी पालवी काढतं, जिला इथं नवती म्हणतात. नवती दिसायला फार गोड. पण नवती आली की फुलं गेली, आणि फुलं गेली की ते साल गेलं.

त्या सांगत होत्या, मी त्या वळलेल्या पानांना हात लावून पाहत होते. जाणूनबुजून तहानलेलं ठेवायचं, आणि ते ठेवणाऱ्याच्या जिवाचं रोज पाणी पाणी व्हावं. ताई म्हणाल्या, या दिवसात मी झाडाकडं सरळ पाहत नाही, मन विरघळते अन् हात मोटरीकडं जाते. म्हणून त्यांनी मोबाईलवर मोटर ‘बंद’ करून ठेवली होती आणि निर्धास्त होत्या.

आणि तेवढ्यात विहिरीकडून मोटरीचा आवाज आला.

एरवी त्या भागात याच्याइतका सुखाचा आवाज नाही. त्या दुपारी आम्ही तिघंही क्षणभर ऐकत उभे राहिलो, काय ऐकतोय ते समजेना. आदल्या दिवशी वावटळीनं खांब पडला होता. रात्रभर लाईन नव्हती, टॉवर मुका झाला होता, आणि आता लाईन आली होती. रेंज नव्हती. पेटीनं तिला शिकवलेलं वाक्य तंतोतंत पाळलं होतं. ताण दिल्यापासून लाईन थोडा वेळच जायची, टॉवर तग धरायचा, म्हणून ही वेळ आली नव्हती इतकंच.

शोभाताई धावल्या. त्या उन्हात, ढेकळांतून, चपला कुठे राहिल्या त्याचं भान नव्हतं. लाल बटण दाबलं तरी पेटी पुन्हा मोटर सुरू करणार हे त्यांना सुचलं असावं, त्यांनी सरळ फ्यूज उपटला. आम्ही पोचलो तेव्हा त्या खोलीच्या उंबरठ्यावर फ्यूज मुठीत धरून बसल्या होत्या. विहिरीलगतच्या ओळीच्या आळ्यात पाणी उतरलं होतं. तहानलेली माती ते गटागटा पीत होती, तिचा आवाज येत होता. आणि वास. तोच, वाळ्यासारखा. इतका चांगला वास आणि इतकी भीती मी एकत्र कधी अनुभवली नाही.

दिलीपभाऊ आले, ओली माती पाहिली, आणि म्हणाले, झालं, वहिनी, आता कायचा बहार. ते रागानं बोलले नाहीत. दुःखानंच बोलले. शोभाताईंनी मुठीतला फ्यूज दिराच्या हातात ठेवला. प्रफुल्लनं लॅपटॉप उघडून हळूच मला दाखवलं, टेस्ट पास आहे गं. त्या वाक्यापुढे हिरवी खूण तशीच होती. मला रडावं की हसावं ते कळेना.

संध्याकाळी ओसरीवर सगळे बसलो. चूक कोणाची, हा विषय निघणारच होता, मी तयारीत होते. पण ताईंनीच तो संपवला. ‘मीनंच सांगतलं होतं ना त्याले, मले विचारू नका म्हणून,’ त्या म्हणाल्या, ‘तं त्यानं नाही विचारलं.’ आणि मग त्या थोड्या हसल्या.

प्रफुल्ल म्हणाला, सोपं आहे, रेंज नसेल तर मोटर कायमची बंदच ठेवू. यावर दिलीपभाऊ, जे या पेटीच्या भानगडीत कधी पडायचे नाहीत, भडकले. अन् झाडावर फळ असताना बंद राहिली तर? तेव्हा पाणी चुकलं की गळ लागते, मागच्या साली लागली तशी. ताई म्हणाल्या, हे बरोबर. मग सुरू ठेवावी तर ताण मोडतो, हेही बरोबर. दोन्ही वाक्यं खरी आणि एकमेकांच्या उरावर. मी फेब्रुवारीतला कागद काढून पुन्हा वाचला. मग माझ्या ध्यानात आलं की आम्ही फेब्रुवारीत ‘जेव्हा’ लिहिलं होतं, ‘तेव्हा’ लिहिलं होतं, पण पहिला तुकडा अर्धाच लिहिला होता. ‘रेंज नसताना’ एवढंच. ओल्या मातीवर सतरंजी टाकून बसलेल्या कोणालाही ‘बागेला पाणी चालू असताना’ हे सांगायची गरज वाटली नव्हती. आम्ही त्यातच बसलो होतो ना.

तेव्हापासून मला हे सगळीकडे दिसतं. माणूस ज्या ऋतूत उभा असतो तो ऋतू तो सांगत नाही. नातेवाईक जे सल्ले देतात, तेही सगळे असेच, जेव्हा-तेव्हाचे. नोकरी लागली की घर घ्यावं, घर झालं की लग्न करावं. ते त्यांच्या ऋतूतून बोलत असतात आणि तो त्यांच्या काळी खरा असतो. बाबा गेल्यावर आई उमरेड सोडायला तयार नव्हती, तेव्हा मी तिला हट्टानं पटवत होते, आणि ती कुठल्या ताणात आहे ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं. त्या ओसरीवर मला एकाएकी आईची फार आठवण आली.

त्या संध्याकाळी आम्ही सगळी वाक्यं नव्यानं लिहिली. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी बागेची अवस्था आली: बाग ताणावर असताना, बाग ओलितावर असताना, झाडावर फळ असताना. ही अवस्था माणसानंच पेटीला सांगायची. आणि तिला विचारायला कोणी सापडत नसेल तर? यावर ताई म्हणाल्या, ज्याले विचारता येत नाही त्यानं शेवटचं सांगतलेलं धरून बसावं, मधात आपलं डोकं लावू नये. हे माणसायलेही लागू आहे, असंही त्या म्हणाल्या, आणि जेसीबीवाल्याशी परस्पर बोलून आलेल्या दिराकडे पाहिलं. दिलीपभाऊंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

वाक्यं झाली, पण बहाराचं काय, हे कोणाला सांगता येत नव्हतं. पाणी आत किती मुरलं, मुळांनी किती दूरवरून ओढलं, ते झाडालाच ठाऊक. आता मृगापर्यंत वाट पाहायची.

तो माझा सगळ्यात विचित्र उन्हाळा. नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळते दिवस, लागला. अख्खं नागपूर आभाळाकडे डोळे लावून एखादी सर मागत होतं, आणि मी एकटी मनात म्हणत होते, नको, आताच नको. एका दुपारी ढग भरून आले, वारा सुटला, गल्लीतली पोरं नाचायला लागली, आणि मी दारात उभी राहून त्या ढगांना हुसकावत होते. आईला वाटलं, पोरीला ऊन लागलं. तिनं कांदा ठेचून तळपायाला चोळला आणि मला पन्हं पाजलं. ढग गेले. मी घामानं निथळत, आनंदानं ते पन्हं प्यायले. कूलरसमोर बसायची मला लाज वाटायची, तिकडे ती झाडं तशी उभी असताना. शोभाताईंना फोन करायची हिंमत होत नव्हती. त्यांचाही येत नव्हता.

फोन आला तो जून सरता सरता. पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. ताई एवढंच म्हणाल्या की ये, पेटी पाहून जा. आवाजावरून काही समजेना. काटोलला उतरले आणि तिथून दिलीपभाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसले. तेही रस्ताभर नुसता चिखल चुकवत राहिले.

बागेच्या अलीकडच्या वळणावरच मला वास आला. मी तोवर संत्र्याचं फूल पाहिलं नव्हतं. वासच आधी भेटला, दाट, थंड, डोकं जड करणारा. मग बाग दिसली. विहिरीलगतची ती ओळ कोवळ्या, पोपटी नवतीनं भरली होती, एकही फूल नाही. आणि तिच्या पलीकडे, पार बांधापर्यंत, फांदीफांदीवर पांढरं फूल. मधमाश्यांचा आवाज असा की मोठ्यानं बोलावं लागत होतं. मी रडले, सरळ रडले, त्यात लपवायचं काय. शोभाताई बांधावर उभ्या होत्या. त्यांचं लक्ष फुलांकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. त्या दिराकडे बघत होत्या. बहार आला होता, पण झाडं राहणार हे अजून दिलीपभाऊंनी तोंडानं म्हटलं नव्हतं.

दिलीपभाऊ मोटरसायकल लावून विहिरीच्या खोलीत गेले, पेटीकडे जरा वेळ पाहिलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, मॅडम, एक वाक्य राहून गेलं, ते घ्या.

मी कागद काढला. ते विहिरीलगतच्या ओळीकडे बघत, एक एक शब्द तोलत म्हणाले, ‘पुढच्या साली, बाग ताणावर असताना, जेव्हा लाईन येईन, तेव्हा...’

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण शोभाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच असावं, त्या कुजबुजत होत्या.

‘पुढच्या साली म्हणे तो. लिहून घे वं पोरी, पलटायच्या आत लिहून घे.’